डुकराच्या राखणीला सिंगल शॉट रायफल, बोअर (नळीचं माप) कुठला घ्यावा?

लांजेकर_दादूस
नमस्कार मंडळी. गाव लांजा तालुक्यात, घर वाडीच्या अगदी टोकाला, मागे सडा आणि खाली व्हाळापर्यंत आमची भातशेती. बाबांच्या नावावर शेती संरक्षणाचा परवाना आहे, बंदूक आजोबांच्या वेळची ठासणीची. बाबांनी सत्तरी ओलांडली म्हणून परवाना माझ्या नावावर करायचं चाललंय, तर म्हटलं नाव बदलतंय तर बंदूक पण बदलून टाकू. पावसात केप (बार पेटवणारी टोपी) दमट होते, घोडा पडतो, नुसतं टक, आणि डुक्कर तिथंच उभं राहून आपल्याकडे बघतं. भात पोटरीत आलं की कळप ठरलेलाच, सुरण नि कणगर तर लावायचंच सोडलंय.
मला सिंगल शॉट रायफल घ्यायचीय. एकच गोळी असली की माणूस बघून मारतो असं आपलं माझं मत. यूट्यूबवर अमेरिकेतले लोक .२४३ काय, .४५-७० काय, वाट्टेल ते सांगतात, त्याचा इथे उपयोग शून्य. आपल्याकडे .२२, .३१५ आणि .३०-०६ एवढंच कानावर येतं. यातलं डुकराला कुठलं बरं? अंतर फार तर ४०-५० मीटर, रात्री बॅटरीच्या उजेडात.

सडेवाला
दादूस, बोअरच्या आधी परवाना बघ. आर्म्स ॲक्ट १९५९, कलम १३. शेती संरक्षणासाठी मिळते ती ठासणीची बंदूक, आणि तिने भागत नाही असं अधिकाऱ्याला पटलं तर दुसरी कुठलीतरी गुळगुळीत नळीची, म्हणजे आत पीळ नसलेली, नळी २० इंचापेक्षा कमी नको. रायफल त्यात कुठेच नाही. .२२ चा उल्लेख त्याच कलमात आहे, पण तो रायफल क्लबच्या मेंबरला टार्गेट प्रॅक्टिससाठी. म्हणजे राखणीच्या परवान्यावर रायफल मागायला गेलास तर अर्ज परत येणार आणि वर चार चकरा फुकट. तू मागायची ती सिंगल बॅरल बारा बोअर. एकच गोळी पायजे ना तुला, त्यात पण एकच काडतूस बसतं.
वारसाचं म्हणशील तर ते बरोबर चाललंय. २०१६ च्या नियमात वय ७० झालं किंवा परवाना २५ वर्षं धरलेला असला की हयातीतच वारसाच्या नावे करता येतो. बंदूक सुरक्षित हाताळायच्या ट्रेनिंगचं सर्टिफिकेट लागेल, ते आधी करून घे, शेवटी सगळं तिथेच अडतं.

मालवणी_खाजा
रे बाबा, तुका रायफल कित्याक होयी? डुकर काय दीड किलोमीटरावरसून येतलो? तो येता तुझ्या बांधार, धा पावलांर! बारा बोअर घे नि गप रव. आणि त्या वनखात्याची परवानगी घेतलंस काय नाय, तां आधी सांग. बंदुकीचो परवानो म्हणजे डुकराचो परवानो न्हय.

कातळ_आणि_काजू
खाजाभाऊ हसत हसत बोलले पण मुद्दा तोच आहे. रानडुक्कर वन्यजीव कायद्यातलं जनावर, १९७२ च्या कायद्याची २०२२ ला दुरुस्ती झाली त्यात ते अनुसूची २ मध्ये आहे, पिकाचं नुकसान दाखवून वनखात्याकडून लेखी परवानगी आल्याशिवाय मारायचं नाही. नाहीतर बंदूक, परवाना आणि तू, तिघं एका गाडीतून जाल.
आता बोअरचं. कायदा क्षणभर बाजूला ठेवला तरी आपल्याकडच्या जमिनीवर रायफल मला पटत नाही, त्याचं कारण जांभा. तुझ्या घरामागे सडा आहे म्हणतोस. उघड्या कातळावर पसरट कोनात गोळी लागली की ती आत शिरत नाही, उसळी मारून भलतीकडेच जाते, रात्री तर कुठे गेली ते कळत पण नाही. .२२ ची एवढीशी गोळी, ४० ग्रेन म्हणजे जेमतेम अडीच ग्रॅम, ती दीड किलोमीटरच्या आसपास जाऊ शकते. .३०-०६ तर चार किलोमीटरच्या घरात. आणि आपल्या वाड्या कशा वसलेल्या आहेत? गावठाण एका जागी नसतं, इथे चार घरं, मध्ये आगर, तिकडे पऱ्ह्यापलीकडे दोन घरं, वर कुणाचा तरी मांगर आणि त्यात राखणीला झोपलेला माणूस. सड्यावरनं खालच्या शेतात मारलंस तर गोळी निदान मातीत तरी जाते, खालनं वर मारलंस तर मागे आभाळच. बारा बोअरचा एलजी छर्रा (मोठ्या दाण्यांचं काडतूस) कामाचा ३०-३५ मीटरपर्यंत, आणि सुटला तरी सात-आठशे मीटरात खाली पडतो. तो पण उसळतो, अजिबात उसळत नाही असं नाही, पण गोल शिशाचा दाणा, जोर लवकर मरतो त्याचा.
म्हणून ५० मीटर विसर. मचाण जवळ बांध, उंचावर, म्हणजे नळी कायम खाली मातीकडे राहील.
.२२ ने डुकरावर बार काढूच नये, आधीच सांगून ठेवतो. मरत नाही, जखमी होऊन कारवीत जाऊन बसतं आणि सकाळी पातेरा गोळा करायला गेलेल्या बाईवर येतं. .३१५ ची गोळी २४४ ग्रेनची, डुकराला काही कमी नाही, पण इशापूरच्या कारखान्याची ती रायफल पाच गोळ्यांची बोल्ट ॲक्शन, सिंगल शॉट नव्हेच. (तो बोअर आला कसा ते पण गमतीशीर आहे. .३०३ हे सैन्याचं काडतूस म्हणून साहेबाने खाजगी लोकांना बंद केलं, तेव्हा शिकारी लोकांसाठी हे वेगळं माप पुढे आलं. .३०३ आजही आपल्याला बंदच.)

कोल्हापूरचा_नेमबाज
घाटावरचा माणूस मध्येच घुसतोय, माफी असावी 😀 सिंगल शॉट रायफलचीच हौस असेल तर ती राखणीत नाही, रेंजवर भागवा. तिथे बोअर निवडायची डोकेदुखीच नाही. १० मीटरला .१७७ ची एअर रायफल आणि ५० मीटरला .२२ लाँग रायफल, दोन्हीत एका वेळी एकच भरायची. आमच्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ आणलं ते .२२ वरच. ५० मीटरवर दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं असतं. तिथे बोअरपेक्षा काडतुसाचा लॉट महत्त्वाचा, एकाच कंपनीचे दोन लॉट एकाच नळीतून वेगवेगळे पडतात, म्हणून मोठे नेमबाज नळी शिकंजात धरून लॉट तपासून घेतात.
आणि एअर रायफलला लायसन लागत नाही असं सरसकट कुणी सांगितलं तर ऐकू नका. .१७७ पर्यंत आणि २० ज्यूलच्या आत असेल तरच. .२२ ची एअरगन माकडं हाकलायला म्हणून आणाल आणि विनापरवाना शस्त्रात अडकाल.

लांजेकर_दादूस
सगळ्यांचे आभार, रायफलचा विषय मिटला. बारा बोअरचाच अर्ज टाकतो, वनखात्याचा कागद पण सोबतच सुरू करतो. दोन शंका. काकांच्या ओळखीत एक जुनी विलायती सिंगल बॅरल विकाऊ आहे, नळी चकचकीत आहे, घ्यावी का? आणि काडतूस एलजी की एसजी? बाकी निवडणूक लागली की बंदूक ठाण्यात जमा करायला लावतात ते आहेच. मागे ऐन आंबा-काजूत तसंच झालं, माकडांनी बाग साफ केली आणि आम्ही नुसते डबे बडवत बसलो.

कातळ_आणि_काजू
नळी चकचकीत आहे यावर जाऊ नकोस. आपल्या खाऱ्या हवेत बाहेरून कुणीही पॉलिश मारतं, आतून उजेडाकडे धरून बघ, खड्डे दिसले तर सोड. मग बंदूक मोडून नळीच्या खालच्या बाजूला, काडतूस बसतं तिथले शिक्के वाच. जुन्या विलायती बंदुकांचा चेंबर बऱ्याचदा अडीच इंची म्हणजे ६५ मिलिमीटरचा असतो. त्यात ७० चं काडतूस बसतं, सहज बसतं, तीच तर भानगड, पण उडाल्यावर त्याचं तोंड उघडायला जागा राहत नाही आणि दाब वाढतो. शिक्का वाचता येत नसेल तर परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडून माप घेऊनच पैसे दे. शक्य असेल तर सरकारी कारखान्याची ७० ची घे, खडकीच्या कारखान्याचं शक्तिमान काडतूस त्यात बिनधास्त चालतं.
डुकराला एलजी. एसजीचे दाणे बारीक पण जास्त, जवळच्या अंतरात दोन्ही चालतात, पण मोठ्या नराच्या खांद्याची कातडी जाड असते तिथे मला एलजी बरं वाटतं. घेतल्यावर आधी पुठ्ठ्यावर २०, २५, ३० मीटरवरून मारून दाणे किती पसरतात ते बघ, प्रत्येक नळीचं वेगळं असतं. ज्या अंतरावर दाणे पुठ्ठ्याबाहेर जायला लागतील त्याच्या अलीकडेच मचाण बांध.

मालवणी_खाजा
आणि आजोबाची ठासणीची मोडीत घालू नको हां. परवान्यार रीतसर नोंद करून ठेव, नायतर परवानगी घेवन निकामी करून भितीर लाव. साफ करताना नळीत कढत पाणी ओत, दारूची काजळी नुसत्या तेलान जायत नाय.