मदत हवी आहे: आईच्या डोक्यात क्लिप आहे, कमरेचा एमआरआय करावा का?

नमस्कार मंडळी. आम्ही दिग्रस तालुक्यातले. 2009 मध्ये आईच्या मेंदूतल्या रक्तवाहिनीचा फुगा फुटला होता. नागपूरला ऑपरेशन झालं, फुग्याच्या मानेला धातूची क्लिप लावली. आई सावरली, आजही निंदणाला जाते. आता कमरेतून पायात कळ जाते, म्हणून डॉक्टरांनी एमआरआय लिहून दिला.

यवतमाळला सेंटरवर क्लिपचं सांगताच टेक्निशियन थांबला. "कंपनी, मॉडेल, धातू लेखी आणा, मगच आत घेतो." त्याचं बरोबरच आहे. टायटॅनियमची क्लिप बहुधा चालते, तीही मशीन किती टेस्लाची, म्हणजे तिचं चुंबक किती ताकदीचं आहे, ते पाहून. पण काही जुन्या स्टीलच्या क्लिपा चुंबकाने हलू शकतात, आणि तिथे हलली तर जिवावरच बेततं. एक्स-रेत क्लिप दिसते, धातू कळत नाही.

आमच्याजवळ फक्त डिस्चार्ज कार्ड आहे, पेटीत ठेवलेलं, घड्यांवर फाटलेलं. त्यावर "क्लिपिंग केले" एवढंच. दवाखान्यात दोन चकरा झाल्या, जुनी फाईल सापडत नाही म्हणतात.

एक नातेवाईक म्हणतात, क्लिपचं सांगूच नका, करून टाका. ते मी मरेपर्यंत करणार नाही.

इतकी जुनी ऑपरेशन नोट किंवा क्लिपचं स्टिकर कोणाला मिळालं आहे का? अर्ज कोणाच्या नावे केला? आणि माहिती मिळालीच नाही, तर कमरेसाठी डॉक्टरांनी सीटी स्कॅनवर भागवलं का? क्लिप असलेल्यांच्या घरच्यांनी कृपया सांगा, कॉइलचं (फुग्याच्या आत बारीक तार भरतात त्याचं) प्रकरण वेगळं असतं. आईला रात्री कूस बदलता येत नाही.