उतारा अडतो तो ओळखीच्याच शब्दांवर

ताई, इंग्रजी उतारा वाचताना अनोळखी शब्द आला की तो तिथेच सोडून देते, असं तुम्ही तुमच्या प्रश्नात लिहिलंय. तसं करू नका. विट्यात माझ्याकडे टीईटीच्या, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेच्या, अभ्यासाला येणाऱ्या मुली अवघड शब्दांपेक्षा ओळखीच्या शब्दांवरच जास्त गुण घालवतात. 'राजू हार्डली स्टडीड' म्हणजे राजूनं कसून अभ्यास केला, असं त्यांना वाटतं. खरं तर त्यानं जवळजवळ केलेलाच नसतो! 'फ्यू' आणि 'अ फ्यू' यांचंही तेच: पहिल्यात नकार, दुसऱ्यात थोडे का होईना, आहेत. असे शब्द वहीत वाक्यासकट उतरवा, सुटे नकोत.

सीटीईटीत, म्हणजे केंद्राच्या टीईटीत, दुसऱ्या भाषेच्या (इथे इंग्रजीच्या) 30 पैकी 15 प्रश्न उताऱ्यांवरच असतात आणि एकूण 150 प्रश्नांना 150 मिनिटं. म्हणून आधी प्रश्नांवर नजर टाका, मग उतारा वाचा. चुकीला गुण कापत नाहीत, तेव्हा कोरं काही ठेवू नका. रोज एकच उतारा घ्या, पण प्रत्येक उत्तरासाठी उताऱ्यातली नेमकी ओळ बोट ठेवून दाखवता आली पाहिजे. विटा-सांगली एसटीत जाता-येता मी हेच करायचे.