शेतातली जैवविविधता आणि उत्पादन: अभ्यास एकमेकांच्या विरुद्ध का बोलतात?

चतुरपंख:
नमस्कार मंडळी. इकॉलॉजीत एम.एस्सी. करतेय आणि प्रोजेक्टला शेतीची परिसंस्था घ्यायची हे पक्कं झालंय. प्रश्न तसा साधा आहे, पिकाच्या कडेने गवत, झुडपं, रानफुलं राखली तर मित्रकीटक आणि परागीभवन करणाऱ्या माश्या वाढतात का, आणि वाढल्या तर पिकाला त्याचा खरोखर उपयोग होतो का. वाचायला बसले आणि दोन पेपरांमध्येच अडकलेय.

पहिला पायवेल आणि सहकाऱ्यांचा, २०१५ चा, इंग्लंडमधल्या हिल्सडेनच्या मोठ्या शेतावरचा. त्यांनी शेतांच्या कडेची ८ टक्क्यांपर्यंत जमीन पिकातून काढून फुलांना, गवताला, पाखरांना दिली तरी एकूण उत्पादन घटलं नाही, काही पिकांत तर वाढलं. वाचून इतकं बरं वाटलं! दुसरा कार्प वगैरेंचा २०१८ चा. जगभरातल्या १३२ अभ्यासांचा डेटा एकत्र केलाय, साडेसहा हजारांच्या वर ठिकाणं, आणि निष्कर्ष काय तर आजूबाजूला नैसर्गिक अधिवास जास्त असला की कीड कुठे कमी होते, कुठे वाढते, ठरावीक अशी दिशाच नाही. मग धरायचं काय? गाईड म्हणतात आधी प्रश्नाला धार लाव, मग शेतात उतर. ज्यांनी यात काम केलंय त्यांनी प्लीज सांगा, दोन्ही एकाच वेळी खरं कसं?

खाचरकाठ:
दोन्ही खरं आहे. ते समजून घ्यायचं तर "प्रजाती किती" हा आकडा जरा बाजूला ठेवा आणि कोण, कधी, काय खातंय ते बघा. मला यासाठी सगळ्यात आवडतं ते जावा बेटावरच्या भातशेतीवरचं सेटल आणि सहकाऱ्यांचं १९९६ चं काम, तुमच्या यादीत नसेल तर आजच वाचा.

त्याच्या आधीची गोष्ट अशी की इंडोनेशियात सत्तरच्या आणि ऐंशीच्या दशकात तपकिरी तुडतुड्यांनी भाताची वाट लावली होती आणि फवारण्या वाढल्या तसे तुडतुडेही वाढत गेले. कारण तुडतुड्याची मादी अंडी घालते ती रोपाच्या आत खुपसून, औषध तिथवर नीट पोचतच नाही, पण वर फिरणारे कोळी आणि शिकारी ढेकूण मरतात, मग पिल्लं बाहेर येतात तेव्हा त्यांना खायला कोणी उरलेलंच नसतं. शेवटी १९८६ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने भातावरच्या ५७ कीटकनाशकांवर बंदी आली.

आता मुद्द्याची गंमत. लावणी झाल्यावर सुरुवातीला शेतात कीड जवळपास नसतेच, तरी शिकारी मात्र भरपूर दिसतात, मग ते जगतात कशावर? उत्तर पाण्यात होतं. खाचरात पाणी भरलं की कुजणाऱ्या काडीकचऱ्यावर आणि पाण्यातल्या सूक्ष्म प्लवकांवर चिलटांच्या अळ्या, स्प्रिंगटेल असले बारीक जीव प्रचंड वाढतात, हंगामाच्या पहिल्या एक तृतीयांश काळातच त्यांचा भर येऊन ओसरतो. हे भाताला काहीच करत नाहीत. पण कोळी आणि पाण्यावर पळणारे ढेकूण त्यांच्यावर पोसतात आणि तुडतुडे यायच्या आत फौज उभी असते. सेटल यांनी काही वाफ्यांत सेंद्रिय पदार्थ वाढवून बघितले तर चिलटंही वाढली आणि त्यांच्या मागोमाग शिकारीही. आणि लावणीनंतर लगेच फवारणी केली की नेमकी हीच कडी तुटते.

तुमच्या प्रश्नाशी याचा संबंध असा की जिथे मोठ्या पट्ट्यात एकदम लावणी होते आणि मधल्या काळात जमीन बरेच दिवस कोरडी पडून राहते तिथे शिकारी यायला उशीर होतो हेही त्यांना दिसलं. म्हणजे तिथला सगळा खेळ पाणी कधी आलं आणि जमिनीत कुजायला काय आहे यावर, बांधावरच्या झुडपांचा नंबर नंतर. अशा शेताला "आसपास नैसर्गिक अधिवास किती टक्के" एवढं एकच माप लावलं तर उत्तर गोंधळाचंच येणार ना.

कुरणवाट:
+१, आणि कार्पच्या पेपरवरून "काही उपयोग नाही" असा अर्थ कृपया काढू नका, हा गैरसमज मी फार ठिकाणी वाचलाय आणि दर वेळी वाईट वाटतं. नकाशावर जो हिरवा तुकडा दिसतो तो फक्त शिकाऱ्यांचं घर नसतो, काही मावा जातीसुद्धा पीक नसताना तिथल्याच झुडपांवर दिवस काढतात. कोणत्या पिकाची कोणती कीड, ती कुठे थांबते, तिला खाणारा कुठे थांबतो, हे प्रत्येक ठिकाणी वेगळं.

दुसरं म्हणजे आसपासचा भूभाग मुळात कसा आहे. गॉटिंगेन विद्यापीठातले टेया चार्न्टके आणि सहकारी यांनी २००५ मध्ये मांडलं की जिथे पिकाव्यतिरिक्तचा अधिवास १ टक्क्याहूनही कमी उरलाय तिथे फुलांचा पट्टा लावून फारसं काही होत नाही कारण यायला आसपास कोणी उरलंच नाही, आणि जिथे २० टक्क्यांहून जास्त आहे तिथेही फरक दिसत नाही कारण शेतात आधीच सगळे ये-जा करतायत. मधल्या भागात, १ ते २० टक्क्यांमध्ये, एका पट्ट्याने सगळ्यात जास्त फरक पडतो. आता विचार करा, वेगवेगळ्या भूभागातले अभ्यास सरसकट एकत्र केले तर सरासरीत काय दिसणार? म्हणून तुम्ही आधी तुमची शेतं या पट्टीवर कुठे बसतात ते बघा.

हिल्सडेनबद्दल दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक म्हणजे त्यांनी काढलेली जमीन शेताच्या कडेची होती जिथे पीक तसंही कमी येतं. आणि परिणाम वर्षागणिक वाढत गेला, पाच-सहा वर्षांत ठळक झाला. एका हंगामात तुम्हाला उत्पादनातला फरक दिसला नाही तर त्यावरून निष्कर्ष काढायची घाई नको.

रानकाठी:
वरचं सगळं पटतंय पण एक गोष्ट मला मनापासून खटकते ती लिहितेच. जैवविविधता टिकवायचं कारण म्हणून आपण सारखं उत्पादनच पुढे करतोय. क्लाइन वगैरेंचा २०१५ चा रानमाश्यांवरचा अभ्यास बघा, त्यात पिकांच्या फुलांवरच्या रानमाश्यांच्या भेटींपैकी जवळपास ८० टक्के भेटी त्या भागातल्या फक्त २ टक्के प्रजातींच्या निघाल्या. आणि या २ टक्के बहुतेक नेहमीच्या, सगळीकडे सापडणाऱ्या माश्या, थोडी फुलं लावली की लगेच वाढणाऱ्या. ज्या दुर्मिळ आहेत, ज्यांना एखाद्याच झाडाचा पराग चालतो, ज्या खरंच संपत चालल्यात, त्या पिकावर फारशा येतच नाहीत. मग उत्पादन हेच कारण धरलं तर त्यांच्या बाजूने बोलणार कोण? त्यांना त्यांची जागा मिळायला हवी ती त्या आहेत म्हणून, आणि प्रोजेक्टमध्ये नुसती "उपयोगी" कीटकांची यादी न करता सगळ्यांची नोंद ठेवावी असं मला अगदी कळकळीने वाटतं.

खाचरकाठ:
@रानकाठी पूर्ण सहमत. त्यात इतकंच जोडतो की आज कामाची नसलेली प्रजाती उद्या कामाची ठरू शकते, एखाद्या वर्षी हवामान बिघडलं आणि नेहमीची माशी पडली तर तिची जागा घेणारी दुसरी कोणीतरी आधीपासून तिथे असायला लागते. पण तुमचा मुद्दा याच्याही पलीकडचा आहे हे मान्य.

आणि @चतुरपंख, विविधता फक्त बांधावरच शोधू नका, पिकाच्या आत पण असते. चीनच्या युन्नानमध्ये भाताच्या वाणांची मिश्र लागवड केली होती, झू वगैरेंचा २००० सालचा पेपर. करप्याला बळी पडणारा उंच चिकट भात प्रतिकारक बुटक्या भाताच्या ओळींमध्ये अधूनमधून लावला, तर त्या चिकट भातावरचा करपा ९४ टक्क्यांनी कमी आणि उत्पादन ८९ टक्क्यांनी जास्त, तोच वाण एकटा लावला होता त्याच्या तुलनेत. बुरशीचे बीजाणू उडून शेजारच्या रोपावर पडतात पण शेजारी प्रतिकारक असला की तिथेच थांबतात, शिवाय उंच रोपांना हवा-ऊन मिळून त्यांच्या पानांवरची ओल लवकर सुकते. कीटक मोजत बसायची गरज नाही आणि एका हंगामात उत्तर मिळतं.

चतुरपंख:
बापरे, एवढं सगळं! खूप खूप आभार. सेटलचा पेपर काढला, रात्रीच वाचते. मला कीटकांवरच काम करायचंय, तो मोह सुटत नाही. हातात एकच हंगाम आहे, उत्पादनातला फरक दिसेल याची खात्री नाही हे कळलं, मग मोजू काय? पिटफॉल (चालणारे कीटक पडावेत म्हणून जमिनीत पुरलेले डबे) आणि पिवळ्या वाट्या (रंगाला भुलून माश्या येऊन पडतात अशा पाण्याच्या वाट्या) लावायचा विचार होता.

पिवळी_वाटी:
माझं रोजचं काम हेच, म्हणून सविस्तर लिहितो. पिटफॉल जरूर लावा पण तो किती भुंगेरे आहेत ते सांगत नाही, किती भुंगेरे तिथून चालत गेले ते सांगतो. मोकळ्या जमिनीवर भुंगेरा सुसाट पळतो आणि टपकन पडतो, दाट गवतात तोच हळू चालतो, म्हणजे गवताच्या पट्ट्यात कमी सापडले म्हणून तिथे कमी आहेत असं होत नाही. वाट्यांचंही तसंच, आसपास फुलं नसली की माश्या वाटीकडे जास्त येतात आणि फुलांनी भरलेल्या बांधावर वाटी रिकामी राहते. त्यामुळे वाटीसोबत ठरावीक अंतर चालत फुलांवरच्या माश्या प्रत्यक्ष मोजा, कंटाळवाणं आहे पण त्याला पर्याय नाही.

पण तुम्हाला खरं हवंय ते "कोण आहे" पेक्षा "काम होतंय का" हे. त्यासाठी मावा असलेली काही रोपं बारीक जाळीत बंद करा, काही उघडी ठेवा, सुरुवातीला मोजा आणि काही दिवसांनी परत मोजा, दोन्हींतला फरक म्हणजे शिकाऱ्यांनी केलेलं काम. सोबत हिरव्या प्लॅस्टिसिनच्या (मुलांच्या खेळातली मऊ माती) खोट्या अळ्या पानांवर चिकटवा, कोणी चावलं त्याच्या खुणा त्यावर स्पष्ट उमटतात, पाखराच्या चोचीची टोकदार खोच, भुंगेऱ्याच्या जबड्याचे दोन बारीक ठिपके, उंदराच्या दातांच्या समांतर रेघा. एक भिंग आणि थोडा सराव, बस. हे सगळं एका हंगामात होतं आणि उत्तर सरळ तुमच्या प्रश्नाचं येतं.

आणि एका शेतात दहा सापळे लावले म्हणजे दहा नोंदी झाल्या असं समजू नका, आसपासच्या भूभागाचा परिणाम बघताय तर एक शेत म्हणजे एकच नोंद. सापळे कमी लावा, शेतं जास्त घ्या. प्रत्येक शेताभोवती एक किलोमीटरचं वर्तुळ काढून त्यातला अधिवास मोजा, वर्तुळं एकमेकांवर चढू देऊ नका, वाण आणि पेरणीची तारीख शक्य तितकी सारखी ठेवा.

चतुरपंख:
जाळीचं एकदम आवडलं. एकच शंका, जाळीच्या आत सावली आणि दमटपणा वाढणार, मावा त्यानेच वाढला तर? मग तो फरक शिकाऱ्यांचा की जाळीचा?

पिवळी_वाटी:
बरोबर पकडलंत. म्हणून तिसरा गट ठेवायचा, तीच जाळी, तसाच सांगाडा, पण बाजूंना मोठी भोकं ठेवायची, शिकारी आत-बाहेर करू शकतील अशी. भोकांच्या जाळीत मावा उघड्या रोपांइतकाच राहिला तर जाळीच्या सावलीचा दोष नाही. आणि बंद जाळी लावायच्या आधी आत अडकलेले कोळी, ढालकिडे आणि त्यांच्या अळ्या हाताने वेचून काढा, खोडाच्या तळाशी नक्की बघा, ते तिथेच लपून बसतात.