हिवाळ्यात डोकेच पांढरे असेल, तर कुरव (सीगल) ओळखावा कसा?

किनारवासी: जानेवारीच्या अखेरीस हर्णैला संध्याकाळचा मासळीचा लिलाव चालू असताना होड्यांभोवती कुरवांचा मोठा थवा घिरट्या घालत होता. पाठ राखाडी, चोच आणि पाय लाल, डोके पांढरे आणि कानापाशी काळपट ठिपका. पुस्तकात तपकिरी डोक्याचा आणि काळ्या डोक्याचा असे दोन कुरव दिले आहेत. माझ्या छायाचित्रांत मात्र दोन्ही रंगांचे डोके एकाही पक्ष्याला नाही.

खाडीकाठ: डोक्यावरचा तो गडद टोप विणीच्या हंगामातला असतो आणि हिवाळ्यात तो उरत नाही. शिवाय 'काळ्या' डोक्याच्या कुरवाचा टोपही जवळून पाहिल्यास गडद चॉकलेटीच दिसतो, म्हणून नावावर विसंबू नये. उघडलेला पंख पाहा. तपकिरी डोक्याच्या कुरवाच्या पंखाचे टोक चांगलेच काळे असते आणि त्या काळ्यात ठसठशीत पांढरे ठिपके असतात. काळ्या डोक्याच्या कुरवाच्या पंखाची पुढची कड पांढऱ्या पाचरीसारखी चमकते आणि काळा रंग मागच्या कडेला, टोकापाशी तेवढा असतो. पक्षी बसलेला असेल तर डोळा पाहा: पहिल्याचे बुबुळ फिकट, दुसऱ्याचे गडद.

किनारवासी: मनापासून आभार. एका पक्ष्याच्या पंखाचे टोक काळे आहे, पण ठिपके नाहीत. डोळा गडद आणि शेपटीच्या टोकाला काळी पट्टी आहे. हा तिसराच कोणी आहे का?

दुर्बीण: नाही, ते तपकिरी डोक्याच्या कुरवाचे पहिल्या हिवाळ्यातले पिल्लू असावे. शेपटीची पट्टी दोन्ही जातींच्या पिल्लांना असते आणि या वयात डोळाही फसवतो, त्यामुळे पंखाच्या टोकाचा सलग काळा रंगच निर्णायक मानावा. ही जात लडाखमधील त्सो मोरीरी, तिबेटचे पठार अशा उंचावरच्या सरोवरांकाठी वीण करते आणि हिवाळ्यात आपल्या किनाऱ्यावर उतरते. एक कळकळीची विनंती: घारापुरीच्या लाँचवरून प्रवासी या कुरवांना शेव-गाठी टाकतात, तसे कृपया कोणी करू नये, तेलकट, खारट फरसाण हे त्यांचे अन्न नव्हे. मार्चमध्ये पुन्हा हर्णैला गेलात, तर काहींच्या डोक्यावर टोप चढू लागलेला दिसेल.

किनारवासी: छायाचित्रे मोठी करून पाहिली. होडीच्या काठावर बसलेल्या पाचही प्रौढ पक्ष्यांचे बुबुळ फिकट आहे आणि उडणाऱ्या दोघांच्या पंखांवर ते पांढरे ठिपके स्पष्ट दिसतात.