एमटीपीचे (कायदेशीर गर्भपाताचे) तालुकावार आकडे एवढे वेगळे कसे?

केतकी_पंढरपूर
एमएसडब्ल्यूच्या दुसऱ्या वर्षाला आहे, प्रबंध गर्भपातावर. शेजारच्या दोन तालुक्यांचे आकडे मिळालेत. लोकसंख्या साधारण सारखीच, पण एकात शेकड्यांनी आणि दुसऱ्यात बोटांवर मोजण्याइतके. गाइड म्हणतात, सामाजिक कारणं शोध. मला तर एकही सुचत नाहीये. शिवाय कारणांच्या रकान्यात जवळजवळ सगळीकडे ‘गर्भनिरोधक साधन निकामी’. एवढ्या जणींची तांबी (कॉपर-टी) खरंच फेल जाते?

जुनी_सिस्टर
गाइडना सांग, आधी दोन्हीकडे गर्भपाताची मान्यता असलेली केंद्रं किती ते मोजायचं, मग समाज.

मी ग्रामीण रुग्णालयात एकवीस वर्षं काढली. शेवटची नऊ वर्षं एमटीपीचं रजिस्टर माझ्याच ताब्यात. ते गोपनीय असतं, त्यामुळे कपाटाला कुलूप आणि किल्ली युनिफॉर्मला आतून पिनेनं लावलेली. महिना संपला की त्यावरून फॉर्म भरून वर पाठवायचा. त्यात बाई कुठल्या गावची हे कुणी विचारत नाही. झालं कुठं, एवढंच मोजतात. आमच्याकडे यायच्या त्या निम्म्या दुसऱ्या तालुक्यातल्या. गावच्या दवाखान्यात केसपेपर काढायला उभं राहिलं की पुढं जाऊबाई, मागं आशाताई. त्यापेक्षा दीड तास एसटीत बसलेलं बरं. ती बाई आमच्या आकड्यात आली, तिच्या तालुक्याला शून्य.

आमच्या डॉक्टरांची बदली झाली तेव्हा आठ महिने आम्हीही शून्य पाठवला. त्या आठ महिन्यांत कुणाला दिवस गेले नाहीत असं थोडंच आहे.

आता तांबीचं. 1971 च्या कायद्यात ‘मला नकोय’ याला रकानाच नाही. जिवाला धोका, शरीराच्या किंवा मनाच्या आरोग्याला गंभीर इजा, बलात्कार, बाळात व्यंग, नाहीतर साधन निकामी. साधन कुठलं विचारलं तर बाई पदर तोंडाला लावून म्हणायची, ‘मालक जपून असतात.’ लिहिलं, साधन निकामी. पण ही सोय फक्त लग्न झालेल्यांना होती, शब्दच होते विवाहित स्त्री किंवा तिचा नवरा. बिनलग्नाची पोरगी आली की आम्ही मानसिक आरोग्यात टाकायचो. 2021 च्या दुरुस्तीनं ‘स्त्री किंवा तिचा जोडीदार’ झालं. म्हणजे सप्टेंबर 2021 नंतर एक रकाना फुगलेला आणि दुसरा आटलेला दिसला, तर मुलींची मनःस्थिती सुधारली असं प्रबंधात लिहू नकोस बाई.

मेडिकलवाला
सिस्टर, गर्भपाताच्या गोळ्या राहिल्या. लॅन्सेट ग्लोबल हेल्थ या वैद्यकीय नियतकालिकात आलेला 2015 चा अंदाज आहे : देशात 1 कोटी 56 लाख गर्भपात, त्यातले 81 टक्के गोळ्यांनी, दवाखान्यात झालेले फक्त 22 टक्के. सरकारी नोंद त्या सुमारास वर्षाला 7 लाखांच्या आसपास. पण केतकी, तो अभ्यास सहा राज्यांत झाला : आसाम, बिहार, गुजरात, मध्य प्रदेश, तमिळनाडू, उत्तर प्रदेश. आपलं राज्य त्यात नाही, तेव्हा टक्केवारी जशीच्या तशी चिकटवू नकोस. मी तर त्या गोळ्यांचं किट ठेवणंच सोडलं. डॉक्टरची चिठ्ठी असली तरी एकेका पाकिटाचा हिशेब कोण देत बसणार?

सडेतोड_नाना
हिशेब हवाच! 2011 ला राज्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे 894 मुली, बीडला 807. मोकळं सोडलं तर काय होईल?

जुनी_सिस्टर
नाना, गोळ्या नऊ आठवड्यांपर्यंतच्या. तेवढ्यात सोनोग्राफीत मुलगा-मुलगी कळत नाही. लिंगनिदानाची चोरी मशीनवर होते, तिच्यासाठी 1994 चा कायदा वेगळा आहे. आणि त्या केसेस मी ओळखायचे. पदरी दोन मुली, चौदावा-पंधरावा आठवडा, आणि मी विचारतेय बाईला तर उत्तर देतोय नवरा. त्याला चहा प्यायला पाठवायचे. सज्ञान बाई असेल तर संमतीच्या फॉर्मवर सही फक्त तिची लागते, नवऱ्याची नाही. हे निम्म्या खासगी दवाखान्यांना आजही पटत नाही, दोघांच्या सह्या घेतात. एकदा तो चहा पिऊन येईपर्यंत बाई पाठीमागच्या दारानं माहेरी निघून गेली होती.

केतकी_पंढरपूर
बापरे. आणि वीस आठवड्यांच्या पुढे? अविवाहित असेल तर?

जुनी_सिस्टर
वीसपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं. वीस ते चोवीस दोघांचं, तेही ठरावीक जणींनाच : अत्याचार झालेली, अल्पवयीन, दिवस गेल्यावर नवरा वारलेली किंवा घटस्फोट झालेली, अपंग वगैरे. त्यातून अविवाहितेला वगळता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं 29 सप्टेंबर 2022 ला सांगितलं. चोवीसच्या पुढे बाळात मोठं व्यंग असेल तर मेडिकल बोर्ड. बाईचा जीवच धोक्यात असला तर आठवडे मोजत बसत नाहीत.

रजिस्टर दाखवतो असं कुणी म्हणालं तर हात लावू नकोस. नाव फुटलं तर वर्षभरापर्यंत कैद आहे.

केतकी_पंढरपूर
केंद्रं मोजली. एका तालुक्यात सहा, दुसऱ्यात एकच, तेही ग्रामीण रुग्णालय.

जुनी_सिस्टर
मग वार्षिक आकडा ठेव बाजूला, महिन्याचे माग. शून्य कुठल्या महिन्यापासून लागतात ते बघ, आणि तिथल्या डॉक्टरच्या बदलीची तारीख विचार.