पांढऱ्या लुगड्यांचा फोटो

जुन्या फोटोंत माणसं हसत का नाहीत, यावर नेहमी सांगितलं जातं की तेव्हा कॅमेऱ्यासमोर बराच वेळ स्थिर राहावं लागायचं. एकोणिसाव्या शतकासाठी ते ठीक. पण १९५० नंतर तर फोटो क्षणात निघायचा, तरी लोक गंभीरच. फोटो काढणं हेच मोठं काम होतं हो, त्यात हसायचं काय?

आमच्या नागपूरच्या घरी तळहाताएवढा, करवती कडांचा एक फोटो आहे. १४ ऑक्टोबर १९५६, बाबासाहेबांनी दीक्षा दिली त्या दिवसाचा. आजी आणि तिच्या दोन जावा ओळीनं उभ्या, तिघींच्या अंगावर पांढरी लुगडी. नवखा माणूस हमखास विचारतो, घरात कुणी गेलं होतं का? अहो, दीक्षेला पांढरे कपडे घालून यायचं होतं! आजीकडे पांढरं नव्हतंच, शेजारणीचं मागून आणलेलं. नीट पाहिलं तर ते तिला आखूड पडलंय, घोटे उघडे दिसतात.

तेव्हा नुसत्या कपड्यांवरून अर्थ लावू नका, आधी फोटोची मागची बाजू बघा. आमच्याकडे शाईनं तारीख लिहिलेली होती म्हणून कळलं. त्यानंतर अठराच दिवसांनी तेव्हाच्या मध्य प्रदेशाची राजधानी असलेल्या नागपूरचं राजधानीपण गेलं, पण आजीला त्याचं काही आठवत नव्हतं.

आणि हो, फोटो फ्रेमच्या काचेला चिकटला असेल तर ओढू नका, काचेसकट स्कॅन करा. आमच्या धाकट्या आजीचा अर्धा चेहरा काचेवरच राहिला.