औरंगाबादची उर्दू शायरी: सुरुवात कुठून करावी?

रानजाई

नमस्कार. नोकरीनिमित्त यंदा छत्रपती संभाजीनगरला आले, मूळची साताऱ्याची. मराठी गझल कॉलेजपासून वाचते. उर्दू मात्र नुसती ऐकून माहीत, लिपी येत नाही. 'ख़बर-ए-तहय्युर-ए-इश्क़ सुन' ही गझल आबिदा परवीन यांच्या आवाजात खूप वर्षं ऐकत आलेय. ती लिहिणारा सिराज याच शहरातला, हे मला अगदी अलीकडे कळलं! ऑफिसात विचारलं तर मकबरा, वेरूळ, अजिंठा यापुढे कुणी बोलत नाही. उर्दू म्हणजे दिल्ली-लखनौ, इकडे ती निजामाबरोबर आली, असं बहुतेकांचं म्हणणं.

हे खरं आहे का? आणि माझ्यासारख्या मराठी वाचकाने सुरुवात कुणापासून करावी? शहरात या शायरीचं काही बघण्यासारखं आहे का, तेही सांगा.

पानदरीबा

रानजाई, तुमचा प्रश्न वाचून फार बरं वाटलं. मी इथलीच, जुन्या शहरात वाढलेली, शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेली. सविस्तर लिहिते.

निजामाबरोबर आली हे अजिबात खरं नाही. 1327 च्या सुमारास महंमद तुघलकाने दिल्लीची माणसं देवगिरीला आणली. त्यात सरदार होते, कारागीर होते, सूफी होते. बुऱ्हानुद्दीन गरीब त्याच लोंढ्यातून आले आणि खुलताबादला विसावले. फारसी कवी अमीर हसन सिजझी, म्हणजे निजामुद्दीन औलियांची प्रवचनं टिपून ठेवणारा त्यांचा शिष्य, त्याचीही कबर तिथेच आहे. दिल्लीचा दरबार परत गेला, पण या माणसांपैकी बरीच इथेच राहिली. त्यांची बोली आपल्या मराठी-तेलुगू-कानडी मुलखात तीनशे वर्षं नांदली. तिची दखनी झाली, आणि गोवळकोंडा-विजापूरला तिच्यात मोठं काव्य लिहिलं गेलं. मुहंमद कुली कुतुबशहा 1612 मध्ये वारला, तेव्हा त्याच्या नावावर दखनी कवितेचा भलामोठा दीवान, म्हणजे कवितासंग्रह, होता. दिल्लीत त्या काळी प्रतिष्ठेची कविता फारसीतच होत होती.

आता आपलं शहर. मलिक अंबरने 1610 मध्ये खडकी वसवली, 1653 मध्ये तिचं औरंगाबाद झालं. 1680 च्या दशकात औरंगजेब सगळा लवाजमा घेऊन दक्षिणेत उतरला. 1686 ला विजापूर पडलं, 1687 ला गोवळकोंडा. दरबार मोडले की कवी, लेखनिक, गवई आसरा शोधत निघतात. म्हणजे उत्तरेची छावणीची भाषा आणि दखनी, दोन्ही याच गल्ल्यांमध्ये एकमेकींना भेटल्या. वली, ज्याला वली दखनी म्हणतात तो गझलकार, त्या वातावरणात लिहीत होता, आणि त्याची भाषा वाचताना ही भेट कानाला कळते. एका शेरात शुद्ध दखनी वळण, पुढच्यात फारसी समास, दोन्ही एकाच गझलेत गुण्यागोविंदाने.

वली 1700 मध्ये दिल्लीला गेला. पुढे 1720 च्या सुमारास त्याचा दीवान तिथे पोचला आणि लहानथोरांच्या तोंडी त्याचे शेर झाले. बोलीत गंभीर कविता होऊ शकते हे तिथल्या कवींना वलीमुळे दिसलं. पुढच्या काळातला दिल्लीचा मोठा कवी मीर तकी मीर, त्याने तर एका शेरात सरळ कबुली दिली आहे:

ख़ूगर नहीं कुछ यूँ ही हम रेख़्ता-गोई के
माशूक़ जो अपना था बाशिंदा दकन का था

रेख्त्यात, म्हणजे तेव्हाच्या उर्दूत, लिहायची सवय आम्हाला उगीच नाही लागली, आमचा प्रियकर दख्खनचा रहिवासी होता, असं म्हणतोय तो. दिल्लीत सादुल्लाह गुलशन यांनी वलीला "फारसी विषय तुझ्या भाषेत आण" असा सल्ला दिला आणि तिथून त्याची कविता फुलली, ही गोष्टही मीरनेच लिहून ठेवली आहे. ती मला पटत नाही. पाठीशी दोनशे वर्षांची दखनी परंपरा असलेल्या माणसाला हे सुचायला दिल्लीची वाट कशाला बघावी लागेल?

सिराजबद्दल लिहायचं तर रात्र पुरणार नाही. जन्म 1715 च्या आसपासचा. पोरवयात त्याला असं काही वेड लागलं की खुलताबादला बुऱ्हानुद्दीन गरिबांच्या दर्ग्याभोवती भान हरपून फिरत राहायचा. त्या अवस्थेत तोंडून फारसी ओळी बाहेर पडत, त्यातल्या बहुतेक कुणी टिपल्याच नाहीत. पुढे अब्दुर्रहमान चिश्ती यांचा शिष्य झाला, आणि गुरूने सांगितलं म्हणून ऐन पंचविशीत कविता थांबवली. आज आपण वाचतो तो दीवान गुरुबंधूने गोळा करून ठेवला म्हणून. हे माहीत झालं की 'जो रही सो बे-ख़बरी रही' ही ओळ निराळीच ऐकू येते. भान हरपण्याचं वर्णन तो ऐकीव माहितीवर करत नव्हता.

1763 मध्ये निजामाची राजधानी हैदराबादला गेली. सिराज गेला तोही त्याच सुमाराला. शहराचं वैभव ओसरलं, कविता मात्र चालू राहिली. लछमी नारायण शफीक हे नाव लक्षात ठेवा. औरंगाबादचा हिंदू खत्री कुटुंबातला मुलगा, फारसी-अरबीचे विद्वान आझाद बिलग्रामी यांचा शागीर्द. ऐन तारुण्यात त्याने उर्दू कवींचा 'चमनिस्तान-ए-शुअरा' हा तजकिरा, म्हणजे कवींचा परिचयग्रंथ, लिहिला.

साबरमतीकर

पानदरीबाताई, प्रतिसाद आवडला, पण वलीवर औरंगाबादने एकट्याने हक्क सांगू नये. मी अहमदाबादला वाढलेला मराठी माणूस. इथे त्याला वली गुजराती म्हणतात. तो शिकला इथे आणि 1707 मध्ये वारलाही इथेच. सुरत शहराच्या स्तुतीची मसनवी, म्हणजे दीर्घ कविता, त्याने लिहिली आहे, गुजरात सोडताना झालेल्या विरहावरची कविताही आहे.

त्याची कबर शाहीबागेत पोलिस आयुक्तालयाजवळ रस्त्यावर होती. 2002 च्या दंगलीत ती पाडली आणि लगेच त्यावर डांबर टाकून रस्ता केला. लहानपणी त्या रस्त्याने जाता-येता मला ती दिसायची, कोणाची ते ठाऊक नव्हतं. आता तिथून जाताना रागही येतो आणि लाजही वाटते. ज्याच्या भाषेने दिल्लीला कविता शिकवली, त्याच्या नावाचा दगडसुद्धा तिथे नाही.

पानदरीबा

साबरमतीकर, मान्य. जन्म इथला मानतात, घडला दोन्हीकडे, आणि माती तुमच्याकडची. त्या काळी औरंगाबाद, बुऱ्हाणपूर, सुरत, अहमदाबाद हा एकच येण्याजाण्याचा रस्ता होता. व्यापारी, फौजा, फकीर, सगळे त्यावरून जायचे. वलीला एका गावात कोंडून ठेवण्यात मलाही रस नाही. कबरीबद्दल तुम्ही लिहिलंत ते वाचून मात्र गलबलून आलं.

लगावली

मी मराठी गझल लिहितो, म्हणून वृत्तापुरतं सांगतो. 'ख़बर-ए-तहय्युर'चं वृत्त कामिल. आपल्या लगावलीत, म्हणजे लघूला 'ल' आणि गुरूला 'गा' धरून, ललगालगा, चार वेळा. करून बघा:

ख-ब-रे-त-हय् / यु-रे-इश्-क़-सुन / न-जु-नूँ-र-हा / न-प-री-र-ही

सुरुवातीला दोन लघू आल्यामुळे ओळ सतत पुढे झेपावते, थांबायला जागाच देत नाही. मराठीत मी या वृत्तात लिहायचा प्रयत्न केलाय. शब्दाच्या सुरुवातीला लागोपाठ दोन लघू मिळवताना जीव मेटाकुटीला येतो. सिराजला ते श्वासासारखं साधलंय. आणखी एक: इजाफतीचा, म्हणजे दोन शब्द जोडणारा, 'ए' इथे ऱ्हस्व की दीर्घ हे वृत्त ठरवतं. 'ख़बर-ए' मधला दीर्घ, त्याच ओळीत 'तहय्युर-ए' मधला ऱ्हस्व. देवनागरीत दोन्ही सारखेच दिसतात, म्हणून डोळ्यांनी वाचणारा अडखळतो.

रानजाई

केवढं दिलंत तुम्ही सगळ्यांनी! पानदरीबाताई, मराठी घरात ही शायरी तुमच्यापर्यंत कशी पोचली? आणि सिराजच्या त्या गझलेतला 'शाख़-ए-निहाल-ए-ग़म' वाला शेर मला नीट लागत नाही, तो सांगाल का?

पानदरीबा

आजोबांमुळे. ते कोर्टाबाहेर अर्जनवीस होते. निजामाच्या राज्यात कचेरीची भाषा उर्दू, शाळाही उर्दू, त्यामुळे मराठवाड्यातल्या त्या पिढीतल्या अनेक मराठी माणसांचं उर्दू लिहिणं-वाचणं सफाईदार होतं. ते सकाळी ज्ञानेश्वरी वाचत आणि संध्याकाळी झोपाळ्यावर वली-सिराज म्हणत. त्यांची एक लांबट वही माझ्याकडे आहे. उजवीकडून सुरू झालेले उर्दू शेर, आणि प्रत्येक शेराखाली बारीक मोडीत अर्थ. शाईही वेगळी, शेराला काळी, अर्थाला निळी. एका ठिकाणी मोडीतला अर्थ खोडून पुन्हा लिहिलाय, तोही खोडलाय, आणि पुढे नुसती रेघ. तो नेमका तुम्ही विचारलेला शेर आहे:

चली सम्त-ए-ग़ैब सीं क्या हवा कि चमन ज़ुहूर का जल गया
मगर एक शाख़-ए-निहाल-ए-ग़म जिसे दिल कहो सो हरी रही

अदृश्याच्या दिशेने असा काही वारा सुटला की दिसणाऱ्या जगाची बाग जळून गेली. उरली ती दुःखाच्या रोपट्याची एक फांदी, तिला हृदय म्हणा, ती हिरवीच राहिली. मला वाटतं, अडचण 'हरी' पाशी येते. सगळं जळाल्यावर जे उरलं ते दुःख, आणि सिराज त्याचं रडगाणं करत नाही. तेच एक जिवंत आहे म्हणतो. तुकोबांचे विरहाचे अभंग वाचलेल्या माणसाला हे कळायला जड जाऊ नये. 'सीं' म्हणजे 'से', ते त्या काळचं रूप. मक्त्यात, म्हणजे गझलेच्या शेवटच्या शेरात, 'को'च्या जागी 'कूँ' येतं. छापील पुस्तकांत कधीकधी ते 'दुरुस्त' करून टाकतात, तसं पुस्तक घेऊ नका.

सुरुवात मात्र वलीपासून करा, तो सोपा आहे. 'मुफ़्लिसी सब बहार खोती है, मर्द का ए'तिबार खोती है' याला शब्दकोश लागतो का? गरिबी सगळी शोभा घालवते, माणसाची पतही घालवते. संपलं. मग सिराज. नंतर एकदम विसाव्या शतकात या: वैजापूरचे सिकंदर अली वज्द, पेशाने न्यायाधीश, त्यांच्या 'अजंता' आणि 'एलोरा' या कविता लेण्यांत उभं राहून वाचाव्यात अशा. काझी सलीम यांची मुक्त कविता थोडी सावकाश घ्या. बशर नवाज तुम्ही नकळत ऐकलेत, 'बाजार' (1982) मधलं 'करोगे याद तो' त्यांचंच. 2015 मध्ये ते इथेच गेले. रेख्ताच्या संकेतस्थळावर बरंचसं देवनागरीत मिळतं, शब्दावर बोट ठेवलं की अर्थ येतो.

बघण्यासारखं म्हणाल तर खुलताबाद. हसन सिजझी आणि आझाद बिलग्रामी दोघांच्याही कबरी तिथे आहेत. आणि मकबऱ्याला जाल तेव्हा इमारतीआधी बाग बघा. मौलवी अब्दुल हक 1912 मध्ये अंजुमन तरक्की-ए-उर्दू या उर्दूच्या प्रसारासाठीच्या संस्थेचे चिटणीस झाले आणि पुढची अनेक वर्षं तिचा कारभार याच शहरातून चालला. 'उर्दू' हे त्यांचं त्रैमासिक 1921 मध्ये इथूनच निघालं. मघाशी लिहिलेला शफीकचा तजकिराही त्यांनीच संपादित करून छापला. ते मकबऱ्याच्या आवारात राहत. तिथल्या नामदेव नावाच्या माळ्यावर त्यांनी व्यक्तिचित्र लिहिलंय. समाजाने खालचा ठरवलेल्या जातीतला हा माणूस रोपांशी बोलायचा, दुष्काळात लांबून पाणी वाहून झाडं जगवायचा. एक दिवस मधमाश्या उठल्या. बाकीचे माळी पळाले, हा वाफ्यात काम करत राहिला आणि त्यातच गेला. अब्दुल हक त्याला हौतात्म्य म्हणतात. पुढे उर्दूचा बाबा म्हणून ओळखल्या गेलेल्या माणसाने एका मराठी माळ्याला दिलेलं हे स्थान इथल्या प्रत्येक शाळेत शिकवायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

जमलं तर एखादा मुशायरा बसून ऐका. शायर पहिली ओळ म्हणतो, समोरचे ती उचलून परत म्हणतात, तो पुन्हा म्हणतो, दुसरी ओळ हातची राखून ठेवतो. काफिया, म्हणजे यमक, जवळ येतो तशी माणसं पुढे सरकून बसतात, आणि कधीकधी शेवटचा शब्द शायराच्या आधी श्रोतेच म्हणतात. पुस्तकात हे सापडणार नाही. फक्त सुरुवातीपासून जा. ज्येष्ठ शायर शेवटी वाचतात हे खरं, पण नवी मुलं आधी वाचतात, आणि त्यातली काही फार चांगलं लिहितात.

रानजाई

वली आजच उघडला. दहा शेर वाचले, तीन अडले. मुशायऱ्याला एकटी बाई गेली तर चालतं ना?

पानदरीबा

मी आयुष्यभर जातेय. पुढच्या वेळी निरोप करा, बरोबर जाऊ. अडलेले तीन शेर इथेच टाका, रात्री बघते.